शेवटच्या चादरीपर्यंत शब्द: हिरवळीवरच्या अमेरिकाना मैफलीची तयारी

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या छोट्या गावांत आठवड्यातली एखादी संध्याकाळ गाण्याची ठरलेली असते. कोर्टाच्या आवारात किंवा बागेतल्या बँडस्टँडवर बँड वाजतो, आणि लोक घडीच्या खुर्च्या, चादरी, मुलं, कुत्री घेऊन येतात. व्हर्जिनियाच्या नैऋत्य भागात, ब्लू रिज डोंगरांच्या आसपास, ही सवय फार मुरलेली आहे. व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमेवर वसलेल्या ब्रिस्टल गावात १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रण निर्माते राल्फ पीअर यांनी कंट्री संगीतातल्या आद्य कलाकारांची, म्हणजे कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची, पहिली ध्वनिमुद्रणं केली. आज त्याच मुलखातून ‘क्रुकेड रोड’ हा ३०० मैलांहून लांब संगीतमार्ग जातो.

कंट्री, फोक, ब्लूज, ब्लूग्रास आणि रॉक यांच्या मिश्रणाला आता ‘अमेरिकाना’ म्हणतात. या संगीताची संघटना १९९९ मध्ये उभी राहिली आणि २०१० पासून त्याला स्वतंत्र ग्रॅमी मिळू लागलं. या प्रकारात गाणं लिहिणारीच ते गाते, आणि गाण्याचा जीव शब्दांत असतो. म्हणून या लेखातला प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासलेला आहे: हिरवळीच्या टोकाला अंथरलेल्या चादरीवर बसलेल्या माणसाला दुसऱ्या कडव्याचे शब्द कळतात का?

नमुन्यादाखल एक बँड धरू. एकोणीस-वीस वर्षांची गायिका अकूस्टिक गिटार वाजवत स्वतःची गाणी गाते. सोबतीला फिडल, पेडल स्टील (आडवी मांडून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची विजेची गिटार), डबल बेस आणि ड्रम. श्रोते अडीचशे-तीनशे, हिरवळ शंभर फूट खोल, जुलैची संध्याकाळ. (अमेरिकेतल्या मराठी घरातलं, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारं मूल अशा बँडमध्ये शिरलं तर वाद्य बदलावं लागत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवण्याचा ढंग वेगळा.)

दोन आठवडे आधी

आयोजकांना एकच ईमेल पाठवा आणि सगळे प्रश्न त्यातच विचारा. गाडी मंचापासून किती अंतरावर थांबते? विजेचे सॉकेट किती, आणि ते किती वेगळ्या सर्किटांवर आहेत? साउंड त्यांचा की आपला? मंचावर दुपारी चार वाजता ऊन असतं का? आवाज किती वाजता बंद करायचा? पाऊस आला तर कार्यक्रम कुठे हलणार, आणि हा निर्णय कोण, किती वाजता घेणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर पुन्हा विचारा. पावसाळी जागेत, म्हणजे शाळेच्या जिममध्ये किंवा चर्चच्या हॉलमध्ये, सामान वेगळं लागतं. दुपारी एकच्या पुढे निर्णय लांबला तर सगळी तयारी दोनदा करावी लागते.

त्याच ईमेलला मंचाचा आराखडा आणि चॅनेलची यादी (मिक्सरच्या कुठल्या क्रमांकावर कुठलं वाद्य किंवा माइक) जोडा. मानधन कधी आणि कसं मिळणार हे लेखी घ्या आणि कर भरण्यासाठी लागणारा डब्ल्यू-९ फॉर्म आधीच भरून द्या, म्हणजे चेक त्या रात्रीच हातात पडण्याची शक्यता वाढते. नगरपालिका बऱ्याचदा दहा लाख डॉलरच्या सार्वजनिक दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागते. तो विमा आयोजकांचा की बँडचा हेही विचारून ठेवा. गायिका अठराच्या आतली असेल तर करारावर पालकांची सही घ्या, कारण सज्ञान नसलेल्या व्यक्तीने केलेला करार सहसा तिला नंतर मोडता येतो आणि म्हणून आयोजक त्यावर विसंबत नाहीत.

वीज

कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा इथेच. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, त्यामुळे तेवढ्याच कामाला भारतापेक्षा जवळजवळ दुप्पट अँपिअर लागतात. २० अँपिअरच्या सर्किटवर सतत १६ अँपिअरपर्यंतच भार ठेवायचा, म्हणजे १९२० वॉट. स्पीकरवर लिहिलेला ‘२००० वॉट’ हा आकडा पाहून घाबरू नका. तो क्षणिक शिखराचा असतो आणि संगीत वाजताना सरासरी ओढ त्याच्या लहानशा अंशाइतकी असते. दोन मुख्य स्पीकर, दोन सबवूफर (खर्जाचे स्पीकर), तीन मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर), मिक्सर आणि पेडल स्टीलचा अँप हे सगळं एका २० अँपिअरच्या सर्किटवर चालतं. अट एवढीच की त्या सर्किटवर दुसरं काही नको. लिंबू सरबताच्या गाड्याचा फ्रीज किंवा कॉफीचं मशीन त्यावर लागलं की पहिल्याच मोठ्या कोरसला ब्रेकर पडतो. दिवे दुसऱ्या सर्किटवर घ्या. साउंडचं सगळं सामान मात्र एकाच सर्किटवरून घेतलेलं बरं, कारण अर्थिंग दोन वाटांनी आलं की ६० हर्ट्झची घरघर मागे लागते.

एक्स्टेंशन वायर १२ गेजची घ्या (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड). १०० फुटांच्या १२ गेज वायरमध्ये १० अँपिअरला साधारण ३ व्होल्ट पडतात, तर हिरवळ कापण्याच्या यंत्राला लावतात त्या स्वस्त १६ गेजच्या वायरमध्ये ८. शिवाय ती तापते, आणि गुंडाळलेलीच राहिली तर आणखी तापते. म्हणून कुठलीही वायर पूर्ण उलगडून टाका.

बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय असतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ४ ते ६ मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. ओल्या गवतात पडलेला जोड हे त्याचं नेहमीचं कारण. जोड विटेवर किंवा उपड्या बादलीवर ठेवा आणि वायरला जोडाच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळून खालीच टपकतं. घरघर घालवायला अर्थिंगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गायिकेचे ओठ माइकच्या जाळीला टेकलेले असतात आणि बोटं गिटारच्या तारांवर. दोघांत व्होल्टेजचा फरक आला तर झटका ओठांनाच बसतो. काहीही जोडण्याआधी सॉकेट टेस्टरने प्रत्येक सॉकेट तपासा. हे यंत्र दहा-पंधरा डॉलरला मिळतं.

जनरेटर लागणार असेल तर इन्व्हर्टर प्रकारचाच आणा. होंडा ईयू२२००आय सतत १८०० वॉट देतो आणि गाण्यात ऐकू येणार नाही इतका शांत चालतो, पण तो पन्नास फुटांपलीकडे, वारा मंचाकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा बाजूला ठेवा. साधा बांधकामाचा जनरेटर आणला तर हळुवार गाणं विसरा.

मंच आणि तंबू

बँडस्टँडचं छत आठकोनी आणि लाकडी असतं. आतला आवाज छताला आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. त्यामुळे मुख्य स्पीकर छताखाली कधीच ठेवू नका. ते मंचाच्या कडेपासून तीन-चार फूट पुढे, दोन्ही बाजूंना उभे करा.

छत नसेल आणि १० बाय १० फुटांचा घडीचा तंबू लावायचा असेल तर प्रत्येक पायाला किमान ४० पौंड वजन बांधा. पाच गॅलनची बादली पाण्याने भरली की जवळजवळ तेवढं वजन होतं, आणि ती रिकामी नेता येते. नुसत्या खुंट्यांवर भागवू नका. वाऱ्याचे झोत ताशी २० मैलांच्या वर जाऊ लागले की तंबू उतरवा, गाणं चालू असलं तरी.

दिशा निवडायची मुभा असेल तर मंचाचं तोंड पश्चिमेला नको. संध्याकाळी सहाचं ऊन सरळ वाद्यांवर आणि डोळ्यांत येतं. तोंड पूर्वेला असलं तर मागे काळं कापड लावा, म्हणजे श्रोत्यांनाही सूर्य दिसत नाही आणि मागून येणारा वारा माइकपर्यंत पोहोचत नाही.

माइक आणि चॅनेल

सोळा माइक-इनपुटचा डिजिटल मिक्सर पुरतो. टॅबलेटवरून चालवणार असाल तर मिक्सरच्या आतल्या वायफायवर विसंबू नका. तीनशे फोन जमले की २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी होते आणि टॅबलेटचा संपर्क ऐन गाण्यात तुटतो. ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर जोडा आणि तो उंचावर बांधा.

चॅनेल असे लावा. १ बेस ड्रम, २ स्नेअर, ३ झांजांवर वरून एकच माइक. ४ डबल बेस, ५ अकूस्टिक गिटार, ६ फिडल, हे तिन्ही डीआयमधून (वाद्याचा पिकअप मिक्सरला जोडणारी छोटी पेटी). ७ पेडल स्टील, अँपसमोर एसएम ५७ माइक. ८ मुख्य आवाज. ९ आणि १० फिडल व बेस वाजवणाऱ्यांचे कोरसचे माइक. ११ वर आवाजाचा आणखी एक माइक, १२ वर गिटारचा आणखी एक डीआय. हे शेवटचे दोन जोडून, तपासून, म्यूट करून ठेवायचे. वायर गेली की अकरा नंबर उघडायचा, दहा सेकंदांत गाणं पुन्हा सुरू.

डीआय निवडताना एक गोष्ट नेहमी चुकते. डबल बेस आणि फिडलच्या घोडीवर बसवलेला पिझो पिकअप (कंपनाचा विजेचा संकेत करणारा तुकडा) थेट साध्या डीआयमध्ये घातला तर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा आणि खर्ज हरवलेला येतो. पिझोला समोर फार मोठा अवरोध लागतो. १० मेगाओहम इनपुट असलेला डीआय वापरा, उदाहरणार्थ रेडियल पीझी-डीआय किंवा एलआर बॅग्ज पॅरा डीआय. गिटारच्या आतच ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर साधा डीआय चालतो, पण बॅटरी त्या दिवशी नवी घाला. उतरलेली बॅटरी आधी आवाज फाडते आणि मग मरते, आणि माणसं तासभर वायरी बदलत बसतात.

आवाजाच्या प्रत्येक माइकला फोमची टोपी घाला. वाऱ्याची गडगड बहुतेक १०० हर्ट्झच्या खाली असते, म्हणून आवाजाच्या चॅनेलवर तिथपर्यंतचं सगळं कापा. फिडलवर १८० पर्यंत कापलं तरी काही जात नाही, कारण त्याची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झची आहे.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइकवर ठरतं. एसएम ५८ हा माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर गायिकेच्या नाकासमोर. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड माइक पाठीमागून थोडं ऐकतो आणि साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो, म्हणून तिथे मॉनिटर थोडे बाजूंना सरकवायचे. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, तर शिट्टी ठरलेली.

साउंडचेक: आवाज आधी

बरेच जण बेस ड्रमपासून सुरुवात करतात. पंचेचाळीस मिनिटं असताना त्यातली वीस ड्रमवर जातात आणि गायिकेला शेवटची पाच मिळतात. आम्ही उलटा क्रम सुचवतो. पाच मिनिटांत सगळे चॅनेल येतात का एवढंच पाहा. मग एकटी गायिका, मुख्य स्पीकरमध्ये आणि मॉनिटरमध्ये. मग तिची गिटार. या दोघांवर अख्खं गाणं उभं राहिलं पाहिजे. त्यानंतर बेस आणि ड्रम, शेवटी फिडल आणि स्टील. अखेरीस सर्वांत मोठ्या गाण्याचा कोरस आणि सर्वांत हळू गाण्याचं पहिलं कडवं, एवढंच वाजवा.

मॉनिटर हळूहळू चढवा. माइक घुमायला लागला की ती वारंवारता शोधून अरुंद पट्ट्यात ३ ते ६ डेसिबल उतरवा. असे तीन-चार काप पुरेत. आठ काप लागत असतील तर आवाजाचा जीव जातो. मग मॉनिटरच जवळ आणा, नाहीतर ड्रमरला हळू वाजवायला सांगा. गायिकेला माइकपासून दोन बोटांचं अंतर ठेवायला आणि जाळी मुठीत न धरायला सांगा.

गिटार घुमते ती बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, कारण पोटातल्या हवेचा अनुनाद तिथे असतो. भोकात रबरी झाकण बसवा, मिक्सरवर फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा करून पाहा, आणि मग गरज उरली तर १०० ला काप द्या. डबल बेस सबवूफरच्या समोर किंवा शेजारी उभा करू नका. वाद्याचं प्रचंड पोटच माइकसारखं थरथरतं.

उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे ड्रमरला स्वतःचा आवाज परत येत नाही आणि तो नकळत जोर वाढवतो. त्याला ब्रश किंवा काड्यांच्या जुड्या द्या आणि मॉनिटरमध्ये थोडा त्याचाच बेस ड्रम सोडा. खर्जालाही भिंतींचा आधार नसतो, म्हणून इतक्या मऊ संगीतालाही एक-दोन सबवूफर लागतात. अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज ६ डेसिबलने पडतो. पहिली चादर स्पीकरपासून पंधरा फुटांवर आणि शेवटची शंभरावर असेल तर फरक सोळा-सतरा डेसिबलचा होतो. स्पीकर सात-आठ फूट उंच करून किंचित खाली झुकवले की त्यांचा नेम मागच्या रांगांकडे लागतो आणि पुढची माणसं नेमातून थोडी बाहेर राहतात. फरक आटोक्यात येतो. प्रत्येक खांबाच्या पायावर वाळूची पिशवी टाका, कारण मुलं त्याच्याभोवती पळणारच. मिक्सरपाशी ८५ ते ९० डेसिबल, ए-वेटेड (म्हणजे कानाला जाणवतो त्या मापाने), एवढा आवाज अशा मैफलीला भरपूर झाला.

आता खरी परीक्षा. शेवटच्या चादरीपाशी जा, मंचाकडे पाठ करून उभे राहा आणि न ऐकलेल्या गाण्याचं दुसरं कडवं कागदावर उतरवा. अर्धे शब्द निसटले तर आवाज चढवू नका, बाकीचं उतरवा: आधी झांजा, मग स्टील, मग फिडल. व्यंजनांची धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि फिडल व स्टील नेमके तिथेच कलकलतात. त्या दोघांना त्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा. तरी भागलं नाही तर दोष मिक्सरचा नाही, मांडणीचा आहे. भावगीतात बासरी ओळींच्या मधल्या जागा भरते, ओळीवर चढत नाही. इथेही तेच करायचं. पहिल्या कडव्यात फक्त स्टीलने उत्तर द्यावं, दुसऱ्यात फक्त फिडलने, आणि दोघं एकत्र फक्त मधल्या तुकड्यात.

सूर का उतरतात

पोलादी तारेवर ऊन पडलं की ती प्रसरण पावते, ताण सैलावतो आणि सूर उतरतो. ढग आला की चढतो. म्हणून सावलीत लावलेली गिटार मंचावर आणून लगेच वाजवू नका. दहा मिनिटं तिथेच ठेवा आणि मग लावा. चिमट्याच्या ट्यूनरचा स्क्रीन उन्हात दिसत नाही आणि बेसच्या कंपनांनी तो गोंधळतो. पायाखालचा पेडल ट्यूनर घ्या. त्याने लावताना आवाजही बंद होतो.

बंद गाडीत वाद्य ठेवू नका. जुलैत गाडीचं तापमान सहज १२० फॅरनहाइटच्या वर जातं, गिटारचा सरस मऊ पडतो आणि घोडी उचलते. पेटी सावलीत, झाकण बंद. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पडदीला चिकटून आणि हलक्या दाबाने लावा, नाहीतर सगळ्या तारा चढतात. वेगळ्या लावणीची गाणी, समजा ड्रॉप डी किंवा ओपन जी, एकामागोमाग ठेवा. दोन गाण्यांमध्ये तारा पिळत बसण्यासारखी मैफल मोडणारी दुसरी गोष्ट नाही. शक्य असेल तर त्या लावणीत एक दुसरी गिटार तयार ठेवा.

सूर्य कलला की चित्र उलटतं. हवा गार होते, तारा चढतात, दव पडतं. फिडलच्या गजाचे केस दमटपणाने लांबतात आणि सैल होतात, तेव्हा मध्यंतरात गज पुन्हा ताणायचा. पेडल स्टीलला दहा तारा, पेडल आणि गुडघ्याचे लिव्हर, आणि पेडलने ओढलेले सूरही वेगळे लावावे लागतात. त्याला मध्यंतराची पूर्ण पंधरा मिनिटं द्या.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. जमीन गार होते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज वर निसटण्याऐवजी खाली वाकून दूरवर पोहोचतो. सहा वाजता ज्या घरांत काही ऐकू येत नव्हतं तिथे साडेआठला बेस ड्रम पोहोचतो. दुसऱ्या सत्रात सबवूफर २-३ डेसिबल उतरवा, तक्रारीचा फोन यायच्या आत. दिवे पिवळसर ठेवा, पांढऱ्या उजेडापेक्षा त्यावर किडे कमी येतात. तोंड उघडून गाणाऱ्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

गाण्यांचा क्रम

सातला सुरुवात असेल तर साडेतीनला सामान उतरवा, साडेचारला चॅनेल तपासणी, पावणेसहाला मंच रिकामा. पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं आणि मध्ये पंधरा मिनिटं. एका सत्रात दहा गाणी बसतात, बोलण्यासकट. अकरा लिहू नका.

पहिलं गाणं मध्यम लयीचं आणि सगळ्या बँडचं असावं, कारण साउंडवाल्याला पहिली दोन मिनिटं अंदाज घ्यायला लागतात. सर्वांत नाजूक, एकटीने गायचं गाणं पहिल्या सत्रात सहावं-सातवं ठेवा. तोवर माणसं बसलेली असतात आणि अजून उजेड असतो. चेहरा दिसला की शब्द जास्त कळतात. ओळखीची परकी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली, गाणी तीन-चार पुरेत.

परक्या गाण्यांसाठी अॅस्कॅप, बीएमआय वगैरे संस्थांचा (त्या गाणं लिहिणाऱ्यांना सादरीकरणाचं मानधन मिळवून देतात) परवाना लागतो आणि तो सहसा जागा चालवणारे किंवा आयोजक काढतात, त्यांना विचारून खात्री करा. जुन्या लोकगीतांना आणि अमेरिकेत प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटलेल्या गाण्यांना तो लागत नाही.

गडगडाट झाला तर

ढगांचा आवाज ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. गाणं तिथेच थांबवा, मुख्य आवाज खाली घ्या, अँप आणि स्पीकर बंद करा, आणि लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायला सांगा. तंबू आणि बँडस्टँड विजेपासून वाचवत नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आवाज आला तर घड्याळ शून्यापासून. हे माइकवरून कोण सांगणार ते दुपारीच ठरवा. विसाव्या वर्षी भरल्या मैदानासमोर तो निर्णय गायिकेवर टाकू नये. नुसता पाऊस असेल तर सहा ताडपत्र्या हाताशी हव्यात: आधी मिक्सर, मग वीज, मग स्पीकर.

आवरताना

तारा कोरड्या फडक्याने पुसा. दव पडलेल्या वायरी गुंडाळून नेल्या तरी घरी पुन्हा पसरून वाळवा, नाहीतर जोडांना गंज धरतो. सीडी आणि टी-शर्टचं टेबल बाहेर पडायच्या वाटेवर, दिव्याखाली लावा. लोक गाणं संपल्यावर दहा मिनिटांत निघून जातात, तेवढ्यात गायिकेने तिथे उभं असावं. वायरी नंतर गुंडाळता येतात.

प्रत्यक्ष ज्या क्रमाने गाणी झाली त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. गायिका अॅस्कॅप किंवा बीएमआयची सदस्य असेल आणि तिची गाणी तिथे नोंदलेली असतील, तर ‘अॅस्कॅप ऑनस्टेज’ किंवा ‘बीएमआय लाइव्ह’वर ठराविक मुदतीत तारीख, ठिकाण आणि गाण्यांची यादी भरून स्वतःच्याच गाण्यांच्या सादरीकरणाचं मानधन मागता येतं, अगदी गावातल्या बँडस्टँडवरच्या कार्यक्रमाचंही. रक्कम बहुधा लहान असते, पण ती गाणं लिहिण्याची असते. पहिल्या कार्यक्रमापासून ही नोंद ठेवायची सवय लावा.